बादलीच्या पुढची गोष्ट

पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरं आता साऱ्या देशाला ठाऊक झाली आहेत. २००१ चा पावसाळा, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा प्राध्यापक विजय बारसे, चिखलात रंगलेला तो खेळ आणि सरांनी त्या पोरांच्या हाती दिलेला खराखुरा फुटबॉल. आमिर खानच्या कार्यक्रमात ही गोष्ट सांगून झाली, नागराज मंजुळे यांनी तिचा सिनेमा केला, अमिताभ बच्चन पडद्यावर बारसे सर झाले. तेव्हा बादलीपाशी मी थांबत नाही. नागपूरच्या मैदानांच्या कडेला उभं राहून सामने पाहणाऱ्या आणि त्यांवर लिहिणाऱ्या आम्हा मंडळींचा जीव त्या बादलीच्या मागेपुढे जे घडलं त्यात जास्त अडकलेला असतो. खरी धांदल तिथेच झाली.

आधी हे गाव समजून घ्या. बाहेरच्यांना नागपूर क्रिकेटचं वाटतं. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या व्हीसीए मैदानावर १९६९ पासून कसोटी सामने झाले आणि हिस्लॉप तिथून काही फार लांब नाही. पण रेल्वेचे कामगार, मिशनच्या शाळा आणि शेजारची कामठीची छावणी यांनी या भागाला फुटबॉलचं वेड कधीच लावून ठेवलं होतं. रब्बानी, यंग मुस्लिम, राहुल क्लब, रेल्वेचा संघ ही नावं घेतली की जुनी मंडळी अजून सावरून बसतात. कामठीचा संघ नागपुरात येऊन जिंकला तर दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर पराभवाचं पोस्टमॉर्टेम होतं आणि त्यात पंचाचा बळी ठरलेला असतो. म्हणजे बारसे सरांनी या शहरात फुटबॉल आणला असं कुणी म्हणालं तर कामठीवाले हसतील. फुटबॉल होताच. ज्यांच्या वस्तीचा क्लब नव्हता आणि ज्यांची शाळा सुटली होती, त्यांना त्या फुटबॉलमध्ये शिरायला फक्त दरवाजा नव्हता.

कॉलेजातल्या क्रीडा प्राध्यापकाचा संसार ज्याने आतून पाहिला आहे त्याला या गोष्टीतली खरी गंमत कळते. जिन्याखालची एक खोली, तिची किल्ली सरांच्या खिशात. आत हवा गेलेले चेंडू, एक पंप, पंपाची सुई नेमकी सापडत नाही, जाळीची गाठोडी, फक्कीचं पोतं. आणि या साऱ्यावर राज्य करणारं स्टॉक रजिस्टर. किती चेंडू आले, किती दिले, किती फाटले याचा हिशेब त्यात चढतो आणि वर्षाच्या शेवटी जुळवावा लागतो. खेळायला येणारा विद्यार्थी ओळखपत्र ठेवतो आणि चेंडू नेतो. बारसे सरांची नोकरी अशा व्यवस्थेत गेली. आणि त्यांनी ज्यांना खेळायला बोलावलं, त्यांचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं.

हळूहळू सरांच्या एक गोष्ट लक्षात आली. जितका वेळ पोरं मैदानात असतात, तितका वेळ ती दुसरीकडे कुठे नसतात. सांगायला किती साधं! पण वस्तीतल्या दुपारी ज्याने पाहिल्या आहेत त्याला त्या ‘दुसरीकडे’मध्ये पत्ते, गांजा, चोऱ्यामाऱ्या आणि पोलीस चौकी असं काय काय येतं ते माहीत असतं. सरांच्या सगळ्या कामाचा पाया हा एवढाच आहे, आणि मला तो भाषणांपेक्षा मोलाचा वाटतो.

मैदानात मात्र पहिला सामना सरांना या पोरांशीच खेळावा लागणार होता. फुटबॉल न शिकलेल्या पोट्ट्यांना चेंडू देऊन पाहा. दोन मिनिटांत दोन्ही संघांतली सगळीच्या सगळी पोरं चेंडूभोवती. गोली सोडून मागे कुणी नाही, कधीकधी गोलीही पुढे. प्रत्येकाला गोल मारायचा असतो, बॅकवर उभं राहायला कुणी तयार नसतं. ‘तू मागे थांब’ म्हटलं की पोरगं रुसतं, कारण गल्लीत मागे कुणाला ठेवतात? ज्याला खेळता येत नाही त्याला. अशा पोराला हे पटवून द्यायचं की चेंडू समोरून जात असतानाही आपली जागा सोडायची नाही, प्रतिस्पर्ध्याला कडेकडे ढकलत न्यायचं, पाय टाकायची घाई करायची नाही. ज्याने आयुष्यात जे समोर आलं ते झडप घालूनच मिळवलं, त्याला थांबायला शिकवणं हे बचावाच्या प्रशिक्षकाचं सगळ्यात अवघड काम. सिनेमाचं नाव ‘झुंड’ आहे आणि प्रशिक्षकाचा पहिला महिना नेमकी ती झुंड फोडण्यात जातो.

२००२ साली सरांनी वस्त्यांसाठी स्पर्धा जाहीर केली. त्यांची अपेक्षा काय असेल ती असो, आले १२८ संघ. हा आकडा सगळीकडे कौतुकाने छापला जातो, पण ज्यांनी स्पर्धा भरवल्या आहेत ते हा आकडा ऐकून आधी पोटात गोळा आल्यासारखे बघतात. बाद पद्धतीने १२८ संघ म्हणजे एकूण १२७ सामने आणि विजेत्याला पार कराव्या लागणाऱ्या ७ फेऱ्या. पहिल्याच फेरीत ६४ सामने! तेवढे पंच, तेवढे लाइनमन, रोज नव्याने मारायची फक्की, आणि ‘आमचा सामना केव्हा’ म्हणून विचारायला येणारे कर्णधार, ज्यांच्यातल्या बऱ्याच जणांना कागदावरची वेळ वाचून दाखवावी लागते. पायात बूट नसलेली पोरं, फाटक्या कपड्यांतले संघ. या साऱ्या गोंधळात एक गोष्ट मात्र क्रीडा प्राध्यापकाला सुखावणारी होती. १२८ संघांची भाग्यपत्रिका काढताना कुणालाही पुढे चाल द्यावी लागत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येकाला जिंकूनच पुढे जावं लागतं.

स्पर्धेचं नाव होतं झोपडपट्टी फुटबॉल. नावावरून कुरबुर सुरू झाली. हितचिंतकांचं म्हणणं, नाव कमीपणाचं वाटतं, बदला. एखाद्या थोर माणसाचं नाव द्या, म्हणजे देणगीदारांनाही पत्रिकेवर आपलं नाव पाहताना बरं वाटेल. सर हटले नाहीत. ही स्पर्धा ज्यांच्यासाठी आहे त्यांचा पत्ता नावात असलाच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. मला या हट्टाचं फार मोल वाटतं. नाव गुळगुळीत केलं असतं तर दोन वर्षांत शहरातल्या चांगल्या क्लबांनी दुसऱ्या फळीचे संघ उतरवले असते आणि वस्तीतली पोरं पुन्हा कुंपणाबाहेर उभी राहिली असती. ज्या नावाची लाज वाटेल असं लोक म्हणत होते, त्याच नावाने दार राखलं. पुढे काम देशाबाहेर गेलं तेव्हा त्याचं नाव झालं ‘स्लम सॉकर’. झोपडपट्टी फुटबॉलचं इंग्रजी भाषांतर! तेव्हा मात्र कुणाला ते खटकलं नाही.

निवृत्तीचा किस्सा नागपूरकरांना विशेष कळेल. इथला नोकरदार निवृत्त होतो, फंड हातात येतो आणि पहिला विचार येतो तो ले-आउटमधल्या प्लॉटचा. रिंग रोडच्या पलीकडे कुठेतरी जागा, पुढेमागे घर बांधू, नाहीतर मुलांना होईल. बारसे सरांनीही तेच केलं. निवृत्तीच्या पैशातले सुमारे १८ लाख घातले आणि शहराबाहेर जमीन घेतली. फक्त त्या जमिनीवर त्यांनी मुलांसाठी फुटबॉलचं मैदान केलं. हातचे पैसे असे मैदानात घालताना त्या घरात काय बोलणं झालं असेल याची कल्पना प्रत्येक मध्यमवर्गीय वाचकाने आपल्या स्वयंपाकघरात उभं राहून करावी. सिनेमात असे प्रसंग चटकन सरतात. खऱ्या आयुष्यात असे निर्णय रोज सकाळी उठून पुन्हा निभवावे लागतात.

घरातलाच आणखी एक किस्सा. मुलगा अभिजित तेव्हा अमेरिकेत. वडील कॉलेजात खेळ शिकवतात, वस्तीतल्या पोरांसाठी काहीतरी करतात, एवढं त्याला माहीत होतं. त्या ‘काहीतरी’चा आवाका त्याला कळला तो वर्तमानपत्रातून, परदेशात बसून. आपल्याच बापाची बातमी वाचून मुलगा परत आला आणि आज ‘स्लम सॉकर’चा कारभार तोच पाहतो. आपल्याकडे मुलं अमेरिकेत जातात तेव्हा आईबापांचा सोडून सगळ्यांचा सल्ला घेतात आणि परत येतात ती बहुतेक लग्नकार्यापुरती. हा मात्र पुढच्या स्पर्धेच्या तयारीला आला.

आता एक योगायोग, जो सिनेमात कुणाला सुचला नाही. २००१ साली नागपुरात पोरं बादली लाथाडत होती. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला, बेघर लोक विकतात त्या वृत्तपत्रांच्या परिषदेला आलेले दोघे जण, स्कॉटलंडचा मेल यंग आणि ऑस्ट्रियाचा हॅराल्ड श्मीड, गप्पा मारता मारता एका कल्पनेपाशी पोहोचले: बेघरांचा फुटबॉल विश्वचषक का असू नये? २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये पहिला ‘होमलेस वर्ल्ड कप’ झाला. या दोघांना नागपूर माहीत नव्हतं आणि नागपूरला हे दोघे माहीत नव्हते. २००६ साली तो विश्वचषक केप टाउनलाच भरला, आणि तोवर झोपडपट्टी फुटबॉलची बातमी नागपूरच्या बाहेर गेली होती. बारसे सर दक्षिण आफ्रिकेत गेले, नेल्सन मंडेला यांना भेटले. खांद्यावर हात ठेवून मंडेलांनी केलेलं कौतुक सर आजही सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. ज्या गावात ही कल्पना जन्मली, त्याच गावात नागपूरच्या क्रीडा प्राध्यापकाला कळलं की आपण एकटे नव्हतो.

पुढे नागपूरची पोरंही या विश्वचषकात उतरली, आणि त्याचे नियम प्रशिक्षकाच्या डोक्याला चांगलाच ताप देतात. मैदान छोटं, साधारण २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. एका बाजूला गोली धरून ४ जण. सामना ७-७ मिनिटांच्या दोन डावांचा. त्यात नियम असा की एका खेळाडूने प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागातच राहायचं. म्हणजे समोरून तिघे चालून येतात तेव्हा अडवायला गोलीशिवाय दोघेच. गोल भरपूर व्हावेत, लोकांना मजा यावी, म्हणून हा नियम. बचाव शिकवणाऱ्याला मात्र रोज तिघांसमोर दोघांना उभं करून सराव घ्यावा लागतो. आपण एकाने कमी आहोत हे धरूनच जागा घ्यायची, हे या पोरांना कुणी नव्याने सांगावं लागत नाही. जन्मापासून ती तशीच खेळत आली आहेत.

अखिलेश पॉल हा त्यांच्यातलाच. नागपूरच्या वस्तीतला, गुन्हेगारीत शिरलेला, फुटबॉलमुळे त्यातून बाहेर पडलेला. २०१० साली रिओ द जानेरोला झालेल्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये तो भारताचा कर्णधार होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘सत्यमेव जयते’च्या तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग याच कामावर झाला, अखिलेश आणि बारसे सर घराघरांत पोहोचले. निर्मात्या सविता राज हिरेमठ यांनी ते पाहिलं, मंजुळे यांना गाठलं आणि सिनेमाचा विषय निघाला. पण कथेच्या हक्कांवरून हैदराबादच्या एका दिग्दर्शकाने दावा लावला. अखिलेशच्या आयुष्यावरच्या सिनेमाचे हक्क आपण आधीच घेतले आहेत, असं त्याचं म्हणणं. प्रकरण तेलंगणातल्या न्यायालयांतून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ज्या पोराच्या आयुष्यात एके काळी पोलिसांखेरीज कुणाला रस नव्हता, त्याच्या आयुष्याची मालकी कुणाची यावर दिल्लीत मोठमोठे वकील उभे राहिले.

सिनेमाच्या वाटेतले बाकीचे खड्डेही कमी नव्हते. पहिला सेट उभा राहिला पुण्यात, विद्यापीठाच्या मैदानावर. मैदान अडवलं म्हणून ओरड झाली, वाद वाढला, सेट उतरवावा लागला. मैदान नसलेल्या पोरांचा सिनेमा, आणि तो अडला दुसऱ्यांचं मैदान अडवल्यावरून! या सगळ्यात तारखा पुढे गेल्या आणि बच्चन बाहेर पडल्याच्या बातम्या आल्या. त्यांनी ही भूमिका करावी म्हणून आपण गळ घातली होती, असं आमिर खानने पुढे सांगितलं. अखेर २०१८ च्या शेवटी सगळा लवाजमा नागपुरात उतरला. हे व्हायला इतका उशीर का लागला, असं इथल्या माणसाला वाटलंच. हे ऊन, ही बोली, या पोरांची चालण्याची ढब पुण्यात कुठून मिळणार होती? वस्तीतली पोरं नागपूरचीच घेतली गेली, बहुतेकांनी कॅमेरा पहिल्यांदाच पाहिलेला.

बच्चन यांच्या पात्राचं नाव विजय बोराडे. ‘जंजीर’, ‘दीवार’, ‘त्रिशूल’, ‘अग्निपथ’, किती सिनेमांत लेखकांनी त्यांना विजय हे नाव दिलं असेल! ‘झुंड’मध्ये फक्त आडनाव बदलावं लागलं. विजय हे नाव बारसे सरांच्या घरूनच आलं होतं.

प्रदर्शनाची तारीख सप्टेंबर २०१९ वरून मे २०२० वर गेली, मग टाळेबंदी आली, मग जून २०२१ ठरला, तोही हुकला. ४ मार्च २०२२ ला सिनेमा एकदाचा लागला. ओटीटीवर यायच्या वेळी पुन्हा तेलंगणातून आदेश आला आणि ५ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिल्यावर दुसऱ्या दिवशी तो घरोघरी दिसला. पुढच्या वर्षी फिल्मफेअरमध्ये पदार्पणाचा पुरस्कार नागपूरच्या अंकुश गेडामला मिळाला, ज्याने ‘झुंड’मध्ये डॉन नावाच्या पोराची भूमिका केली. नागपुरात त्या दिवशी पुरस्काराचं कौतुक झालंच, पण मैदानावरची चर्चा वेगळी होती: सिनेमातल्या त्या मोठ्या सामन्यात कॉलेजच्या संघाचा बचाव इतका ढिसाळ कसा? फुटबॉलवाल्यांना समाधान नसतं, ते असं.

सिनेमाच्या या गडबडीआधी एक मोठी बातमी मात्र शहराच्या नजरेतून निसटली होती. २०१६ साली फिफाने आपला डायव्हर्सिटी पुरस्कार ‘स्लम सॉकर’ला दिला. जागतिक फुटबॉलच्या सर्वोच्च संस्थेने नागपूरच्या वस्तीतल्या कामाची दखल घेतली, त्याचं आपल्याकडे जेवढं व्हायला हवं होतं तेवढं कौतुक झालं नाही. बच्चन नागपुरात आले तेव्हा रस्ते अडले. फिफाचा पुरस्कार आला तेव्हा वाहतूक सुरळीत होती. मला याचं वाईट वाटतं, कारण तोवर हे काम मुलींपर्यंत आणि ऐकू न येणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचलं होतं. ज्या वस्तीत मुलीने संध्याकाळी घराबाहेर थांबणं हीच भांडणाची बाब, तिथल्या मुली अर्ध्या चड्डीत सराव करू लागल्या, ही गोष्ट कुठल्याही चषकाहून मोठी आहे.

मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला दिसतात त्या अडचणी मात्र कुठल्याच सिनेमात बसत नाहीत. लग्नसराई सुरू झाली की संघ अर्धे होतात. पोरं केटररच्या हाताखाली वाढप्याच्या कामाला जातात, रात्री उशिरा परततात, सकाळच्या सरावाला डोळे उघडत नाहीत. रोजंदारी बुडवून सामना खेळ म्हणायचा अधिकार प्रशिक्षकाला कुठून येणार? परदेशी जायचं ठरलं की पासपोर्ट लागतो, पासपोर्टला जन्माचा दाखला आणि पत्त्याचा पुरावा लागतो, आणि अतिक्रमणाच्या जागेवरच्या घराला पत्ता मिळवणं हा स्वतंत्र सामना. त्यावर पोलीस पडताळणी. ज्याच्यावर एखादी जुनी तक्रार आहे त्याचं काय होईल हे विमान सुटेपर्यंत सांगता येत नाही. चांगला बॅक तयार करायला दोन वर्षं लागतात आणि एका कागदासाठी तो घरी राहू शकतो.

सर्वांत अवघड नियम तर वेगळाच. होमलेस वर्ल्ड कपमध्ये खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. जास्तीत जास्त माणसांना संधी मिळावी म्हणून हा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. पण प्रशिक्षकाच्या जागी उभं राहून पाहा. इतर संघांना मागच्या वर्षीचा तयार बचाव मिळतो. इथे परतीचं विमान उतरलं की संघातले आठही खेळाडू संपले. त्यांतले काही प्रशिक्षक होऊन मैदानात परत येतात, अखिलेश आला. आणि मग दर वर्षी तोच उद्योग नव्याने: वस्त्यांतून फिरायचं, स्पर्धा घ्यायची, नवी पोरं निवडायची, आणि त्यांच्यातलं कुणी राजीखुशीने मागे उभं राहायला तयार आहे का ते आधी शोधायचं.